रस्त्यावरचे चेहरे, तुमचे प्रश्न

शहरातल्या वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये फिरून रोजच्या जगण्याचे, साध्या माणसांचे पोर्ट्रेट कसे काढायचे यावर मागच्या अंकात लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आलीत की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. जे प्रश्न परत परत आलेत ते घेतेय. काहींची पत्रं लांब होती, ती थोडक्यात केलीयेत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या शहरात चार-पाच भाषा बोलणारे लोक वेगवेगळ्या भागांत राहतात, मला त्या सगळ्या भागांतल्या माणसांचे फोटो काढायचेत. पण समोर जायची जाम भीती वाटते म्हणून मी ७०-३०० ही लांबचं जवळ आणणारी लेन्स लावून लांबून काढते. फोटो शार्प येतात पण बघितल्यावर काहीतरी कमी वाटतं. काय चुकतंय?

उत्तर: लेन्स चुकतेय आधी. लांबच्या लेन्सने माणूस मागच्या भिंतीला चिकटवल्यासारखा दिसतो आणि बाकीचं सगळं धूसर होऊन जातं, मग तो कुठल्या वस्तीतला, कुठल्या दारात बसलाय हे कळायला काही मार्गच उरत नाही. तुला वस्ती दाखवायचीये ना, मग दारावरची पाटी, दोरीवरचे कपडे, जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्या हे सगळं फ्रेममध्ये यायला पाहिजे आणि ते दोन-अडीच मीटरवरून ३५ एमएमने येतं.

सेटिंग सोपं आहे. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा असेल तर ३५ एमएम, अ‍ॅपर्चर एफ ८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते), फोकस मॅन्युअलवर टाकून ३ मीटरला ठेवून दे, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटो. असं केलंस की साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं शार्प येतं, फोकसची काळजीच नको. क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सर असेल तर २३ एमएम आणि एफ ५.६, जवळपास तेच मिळेल. हे एकदा हाताला बसलं की डोकं मोकळं राहतं, समोरच्याशी बोलता येतं.

आता भीतीचं. ती मलाही अजून वाटते, दर नव्या गल्लीत पहिली पंधरा मिनिटं पोटात गोळा असतोच. माझा उपाय एकच, थांबायचं. एका कोपऱ्यावर तासभर उभी राहा, कॅमेरा गळ्यात दिसू दे, लपवू नको. पहिल्या दहा मिनिटांत सगळे तुझ्याकडे बघतील, अर्ध्या तासाने कुणी तरी विचारेल काय काढताय, आणि तिथून बोलणं सुरू होतं. भाषा येत नसेल तरी चालतं, कॅमेऱ्याकडे बोट, मग त्यांच्याकडे बोट, आणि मान हलवून विचारायचं, एवढं जगात सगळीकडे कळतं. नाही म्हणाले तर हसून पुढे जायचं, दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

थांबण्यावरून मला नेहमी एक फार जुना फोटो आठवतो. १८३८ मध्ये फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक, फ्रान्सच्या दागेरने पॅरिसच्या बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचा फोटो काढला, वरच्या खिडकीतून. रस्ता चांगला वर्दळीचा होता पण फोटोत जवळपास रिकामा दिसतो, कारण एक्सपोजर काही मिनिटांचं होतं, चालणारी माणसं, घोडागाड्या काही उमटलंच नाही. उमटला तो एक माणूस जो बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा होता. फोटोत दिसलेला पहिला माणूस म्हणतात तो हाच. त्याच्या पायाशी वाकून काम करणारा दुसरा माणूसही पुसटसा दिसतो, मला तर तोच जास्त बघावासा वाटतो.

प्रश्न: मॅडम, नमस्कार. नोकरीतून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांपासून रोज सकाळी कॅमेरा घेऊन फिरतो. विचारून फोटो काढला की माणूस ताठ होतो, कॉलर सारखी करतो, उगाच हसतो, सगळा नैसर्गिकपणा जातो. न विचारता काढला तर चोरी केल्यासारखं वाटतं. तुम्ही कोणत्या बाजूच्या?

उत्तर: काका, दोन्ही बाजूंना मोठी माणसं आहेत. फ्रेंच फोटोग्राफर हेन्री कार्तिए-ब्रेसाँ लायका या छोट्या कॅमेऱ्याला ५० एमएम लेन्स लावून फिरायचा, कॅमेऱ्याच्या चकाकणाऱ्या भागांवर काळी पट्टी चिकटवलेली, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. १९३२ मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनमागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल, त्या माणसाला थांबवून विचारलं असतं तर उडीच राहिली नसती. अमेरिकेचा वॉकर एव्हान्स तर आणखी पुढे गेला, १९३८ ते १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या आत कॅमेरा आणि बटणांच्या फटीतून लेन्स. चेहरे विलक्षण आहेत, पण ते बघताना मला प्रत्येक वेळी थोडं अवघडल्यासारखं होतं हेही खरं.

मी विचारणाऱ्यांमधली. चालता प्रसंग वेगळा, तो न विचारता घ्यावाच लागतो, पण एका माणसाचं पोर्ट्रेट काढताय तर त्याला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. आणि तो कॉलर सारखी करतो म्हणता ना, करू द्या की! आपण कसं दिसावं हे तो तुम्हाला सांगतोय, त्याहून चांगली माहिती कुठून मिळणार.

एक सांगते. एका गल्लीच्या तोंडाशी चपला-बूट दुरुस्त करणारे एक आजोबा बसायचे, त्यांचा फोटो काढला, मला फार आवडला होता, मांडीवर बूट, दातात धरलेला दोरा, शेजारी उघडी पेटी आणि पेटीत खिळे, आऱ्या, रबराचे तुकडे सगळे विस्कटलेले. आठवड्याने प्रिंट नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, पेटी उघडी आहे, सांगायचं नाही का. मग त्यांनी आऱ्या पुसून ओळीने लावल्या, खिळे डबीत भरले, दोरा गुंडाळला, हात धुऊन आले आणि म्हणाले आता काढा. दुसऱ्या फोटोत ते सरळ बसलेत, हात गुडघ्यांवर, पेटी चकचकीत. पहिला जास्त 'नैसर्गिक' आहे हे कुणीही सांगेल. पण चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाने स्वतःचं काम कसं मांडलं हे दुसऱ्यातच दिसतं. मी आता दोन्ही शेजारी शेजारी लावते.

ताठपणा घालवायचा असेल तर एक युक्ती: पहिला फोटो पटकन काढा, तो ताठच येणार. मग कॅमेरा डोळ्यावरून खाली घ्या पण जाऊ नका, काहीतरी विचारा, किती वर्षं इथे, हे मशीन कुठलं वगैरे. माणसाला वाटतं झालं, खांदे खाली येतात. तेव्हा परत विचारून दुसरा, तिसरा. माझ्याकडचे चांगले फोटो बहुतेक तिसरे-चौथे आहेत.

आणि ठरवून काढलेला फोटो सहज टिपल्यासारखा दाखवू नका. फ्रेंच फोटोग्राफर रोबेर द्वानोचा पॅरिसमधल्या चुंबनाचा १९५० चा फोटो जगभर सहज टिपलेला म्हणून गाजला, पुढे अनेक वर्षांनी प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा कळलं की जोडी ठरवून उभी केली होती. फोटो वाईट ठरत नाही त्याने, पण लोकांना फसल्यासारखं झालंच.

प्रश्न: एकाच दिवशी दोन वस्त्यांत फोटो काढले. एकीकडे चेहरे छान आले, दुसरीकडे जिथे लोक जास्त सावळे-काळे होते तिथे कुणाचा चेहरा अंधारात गेला, कुणाचा राखेसारखा दिसतोय. कॅमेरा तोच, सेटिंग तेच. माझं काय चुकलं?

उत्तर: सेटिंग तेच ठेवलं हेच चुकलं. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे असेल त्याला मधल्या राखाडी रंगाच्या उजेडावर आणायला बघतो, त्याला माणूस कळत नाही. सावळा माणूस उजळ भिंतीसमोर उभा असेल तर मीटर भिंत बघून उजेड कमी करतो, चेहरा बुडतो, अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करायचं सेटिंग) साधारण +१ द्या. उलट काळ्यासावळ्या चेहऱ्यानेच अख्खी फ्रेम भरली असेल तर मीटर उजेड वाढवतो, मग त्वचा धुरकट, राखाडी, तिथे -१ पर्यंत खाली आणा. दोन्ही चुका तुम्ही एकाच दिवसात केल्यात म्हणून गोंधळ वाटतोय.

उजेडाची जागाही महत्त्वाची. गडद त्वचेचा आकार सावलीपेक्षा तिच्यावरच्या चमकेतून जास्त कळतो, त्यामुळे भर दुपारच्या उन्हात टोकदार पांढरे डाग पडतात आणि बाकी सगळं काळं. दाराच्या आत एक पाऊल, बाहेरचा मोठा मऊ उजेड एका बाजूने, अशी जागा शोधा, गाल आणि कपाळ कसे उजळतात बघा. नंतर एडिट करताना शॅडो, म्हणजे गडद भाग, ओढून ओढून वर आणू नका, राख तिथूनच येते.

हा फक्त तुमचा प्रश्न नाही हेही सांगायला हवं. कलर फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं एक कार्ड असायचं, 'शर्ली कार्ड', त्यावर गोरी बाई. तिची त्वचा बरोबर आली की मशीन बरोबर, बाकीच्यांचं काय होतंय ते कुणी बघायचं नाही. काळ्या मुलांच्या आयांना शाळेच्या ग्रुप फोटोत हे दिसत होतं, पण फिल्म सुधारायला मोठा रेटा मिळाला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या कंपन्यांच्या तक्रारींमुळे, त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नव्हत्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूप वेळ गप्प बसून होते. म्हणून म्हणते, ज्या वस्तीत जाताय तिथल्या त्वचेसाठी सेटिंग शिका, ते तुमचं काम आहे.

रॉय डीकाराव्हा या फोटोग्राफरचे हार्लेमचे, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांच्या वस्तीचे, ब्लॅक अँड व्हाइट फोटो जरूर बघा. मुद्दाम गडद ठेवलेल्या प्रिंट, आधी नुसता अंधार वाटतो, डोळे सरावले की चेहरे, हात, भिंतीचा पोत एकेक करून दिसायला लागतं.

प्रश्न: रस्त्यावर फोटो काढायला कायद्याने परवानगी लागते का?

उत्तर: देशाप्रमाणे बदलतं, त्यामुळे जिथे काढताय तिथला नियम आधी बघा. किती फरक असतो त्याची दोन उदाहरणं. फोटोग्राफर फिलिप-लॉर्का डिकोर्सिया यांनी १९९९ ते २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला वर फ्लॅश लावून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे टिपले, त्यातल्या एका गृहस्थांनी धार्मिक कारणाने दावा केला, २००६ मध्ये तिथल्या कोर्टाने तो फेटाळला, कलाकृती आहे म्हणून. याउलट कॅनडात क्यूबेकमध्ये पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचा फोटो तिला न विचारता मासिकात छापला गेला, १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल मुलीच्या बाजूने दिला. काढणं, छापणं आणि जाहिरातीत वापरणं या तीन गोष्टी बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या धरतात, जाहिरातीसाठी लेखी संमती लागतेच असं धरून चाला. लहान मुलं असतील तर कायदा काहीही असो, आई-बाबांना विचारल्याशिवाय मी काढत नाही.

प्रश्न: मोबाइलने चालेल का?

उत्तर: हो. फक्त तो पोर्ट्रेट मोड बंद करा, तो मागची सगळी गल्ली पुसून टाकतो आणि कानाच्या कडाही खातो.

प्रश्न: मी फोटो काढत नाही, माझे काढले जातात. आमची वस्ती जुनी आहे, दर रविवारी पाच-सहा कॅमेरेवाले येतात, पडकी भिंत, उघडी पोरं, म्हातारी माणसं काढून जातात. आजवर एकानेही फोटो आणून दाखवला नाही. गेल्या वर्षी माझ्या आजोबांचा फोटो मला कुणाच्या तरी मोबाइलवर दिसला, खाली लिहिलेलं 'हरवलेली माणसं'. आजोबा रोज संध्याकाळी दहा मुलांची शिकवणी घेतात. हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही, बरोबर नाही. तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं, कारण हेच मीही केलंय.

सुरुवातीच्या वर्षांत एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो मी एका छोट्या प्रदर्शनात लावला होता. पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी, नजर लांब कुठेतरी. खाली मी लिहिलं 'एकटेपणा'. दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या, फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, हे माझे बाबा, मी वर किल्ली आणायला गेले होते, ते माझी वाट बघत होते, आम्ही नातवाच्या वाढदिवसाला निघालो होतो. त्या भांडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. मी ते कॅप्शन तिथल्या तिथे काढलं, त्यांची माफी मागितली, नंतर घरी जाऊन प्रिंट दिली. त्यानंतर मी फोटोखाली भावना लिहायच्या बंद केल्या. कुठे, कधी, माणूस काय करतोय, आणि त्यांनी सांगू दिलं तर नाव. बास.

तुमच्या पत्रातली कळीची गोष्ट म्हणजे कुणी परत आलंच नाही. ज्यांच्या फोटोंवरून मी हे काम शिकले ते सगळे परत जाणारे लोक होते. ब्रूस डेव्हिडसनने १९६६ पासून दोन वर्षं न्यूयॉर्कमधल्या ईस्ट १०० स्ट्रीट या एकाच रस्त्यावर काम केलं, तिपाईवरचा मोठा कॅमेरा घेऊन, लपून काढायचा प्रश्नच नव्हता, आणि काढलेले फोटो तो लोकांना नेऊन द्यायचा. दावूद बे यांनी १९७५ ते ७९ मध्ये हार्लेममध्ये पोर्ट्रेट काढले आणि पहिलं प्रदर्शन हार्लेममध्येच, तिथल्या स्टुडिओ म्युझियममध्ये लावलं, म्हणजे फोटोतली माणसं चालत येऊन स्वतःला बघू शकतील.

आणि मिल्टन रोगोव्हिन, ज्यांच्याबद्दल मला कितीही बोलता येईल. अमेरिकेतल्या बफेलो शहरात चष्म्याचे डॉक्टर होते, दवाखाना गरीब वस्तीजवळ. १९५७ मध्ये कम्युनिस्ट म्हणून संसदीय समितीपुढे बोलावलं गेलं, पेपरात नाव आलं, पेशंट कमी झाले, आणि मग ते कॅमेऱ्याकडे वळले. १९७२ पासून लोअर वेस्ट साइड भागातल्या जवळपासच्या गल्ल्यांमध्येच फोटो काढायला लागले, तिथे पोर्तो रिकोहून आलेले, काळे, इटालियन, मूळ अमेरिकन असे सगळे लोक राहायचे. रोलीफ्लेक्स कॅमेरा छातीशी धरून, मान खाली घालून बघायचा, समोरच्याच्या तोंडावर रोखावा लागत नाही. कसं उभं राहायचं, कुठे बसायचं ते लोकांनीच ठरवायचं. आणि मग ते परत गेले, ऐंशीच्या दशकात, नव्वदच्या दशकात, २००० नंतर चौथ्यांदा, वय नव्वदीच्या पुढे, त्याच माणसांना शोधत, बायको अ‍ॅन सोबत. एकाच माणसाचे तीस वर्षांतले चार फोटो ओळीने लावलेले बघितले की पहिल्या फोटोत जी कडेवर होती तीच शेवटच्यात स्वतःचं मूल घेऊन उभी आहे असं काही काही दिसतं. २०११ मध्ये ते गेले, १०१ वर्षांचे होऊन.

तुमच्या आजोबांच्या फोटोबद्दल: ज्याने टाकलाय त्याला लिहा, फोटो काढून टाका किंवा कॅप्शन बदला असं स्पष्ट सांगा, आणि मूळ फाइल मागा, ती मागण्यात काहीच गैर नाही. पुढच्या रविवारी जे येतील त्यांना थांबवून आधी नाव विचारा, फोन नंबर घ्या, प्रिंट कधी आणून देणार विचारा. जो खरंच काम करायला आलाय तो थांबेल. आणि संध्याकाळी शिकवणी चालू असताना आजोबांचा एक फोटो तुम्ही स्वतः काढा, मोबाइलने काढला तरी चालेल, मला पाठवा, मी त्यांच्या परवानगीने पुढच्या अंकात छापते.

प्रश्न: आठ वर्षांत ४० हजारांवर फोटो साठलेत, सगळे हार्डडिस्कवर. पुढे काय करू कळत नाही.

उत्तर: व्हिव्हियन मायरबद्दल ऐकलं असेल. शिकागोत लोकांची मुलं सांभाळायची आणि फिरताना रस्त्यावरची माणसं टिपायची, एक लाखाच्या वर निगेटिव्ह. कुणाला दाखवले नाहीत. सामान ठेवलेल्या भाड्याच्या जागेचे पैसे थकले म्हणून २००७ मध्ये तिच्या पेट्या लिलावात गेल्या, २००९ मध्ये ती वारली, आणि जगभर नाव झालं ते त्यानंतर. लोक ही गोष्ट फार रोमँटिक करून सांगतात, मला मात्र त्या एक लाख फ्रेममधल्या माणसांचं वाईट वाटतं, त्यांना आपला फोटो कधी दिसलाच नाही.

तुमची माणसं अजून आहेत. एक वस्ती निवडा, तिथलेच वीस फोटो, ज्यांचा चेहरा आणि दार दोन्ही आठवतंय असे. पोस्टकार्ड साइजच्या दोन-दोन प्रिंट काढा, एक त्यांना, एक तुमच्याकडे. तुमच्या प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलने तारीख, जागा आणि भेटल्यावर त्यांनी सांगितलेलं नाव लिहा, बॉलपेन नको, पुढे उठतो. बॅकअपची दुसरी हार्डडिस्क घ्या आणि ती दुसऱ्या घरात ठेवा. मग रविवारची सकाळ सोडून आठवड्यातल्या संध्याकाळी जा, लोक घरी असतात. एखादं दार बंद दिसलं, माणूस जागा सोडून गेलाय असं कळलं, तर शेजारच्या दारात विचारा, नवा पत्ता बहुतेक वेळा तिथेच मिळतो.